शुक्रवारचा बूरा

हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या माणसाने, ज्या गावाचा अंदाज सांगायचा त्या गावात कधीही राहू नये. त्याने राजधानीत, गरम खोलीत, टाय घालून बसावं, "किनाऱ्यावर काही ठिकाणी वारे वाहतील" असं म्हणावं आणि घरी जाऊन निवांत जेवावं. "काही ठिकाणी" हे त्या धंद्यातलं चिलखत आहे. मला ते फार उशिरा कळलं. मी आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवतो, आणि भूगोल शिकवणाऱ्यांना एक जुना आजार असतो: आपल्याला भूगोल येतो असं त्यांना वाटतं.

सुरुवात मिलेनाच्या बेकरीत झाली. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी पावाच्या रांगेत उभा होतो. मिलेना म्हणाली, "मास्तर, चादरी धुवायला टाकू का आज?" मी दारातून डोकं बाहेर काढलं, वर पाहिलं आणि म्हणालो, "टाका, पण चारच्या आत काढा." साडेचारला पाऊस आला. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या तिघांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी तर पाव घेऊन झालेली माणसंही माझी वाट बघत थांबली होती. चौथ्या दिवशी मिलेनाने एक जुनी काळी पाटी माझ्यापुढे आदळली. "रोज सकाळी यावर दोन ओळी लिहा आणि दाराबाहेर टांगा. माझी रांग तरी पुढे सरकेल."

दोन ओळी! माझी बायको मारिएता पोस्टात काम करते. ती माझ्याबद्दल म्हणते, तोन्चीला तार करायला सांगितली तर तो तिचीही तीन पानं भरेल. पहिल्याच दिवशी मी पाटीवर लिहिलं: "पश्चिमेला तंतुमेघ. फार उंचावर बर्फाचे बारीक कण. पाठोपाठ स्तरमेघ येण्याची शक्यता." खाली एक आकृती काढली, बाण दाखवले.

शेजारचा दूयाम पाव काखेत मारून ती पाटी बराच वेळ वाचत उभा राहिला. "ही ढगांची नावं आहेत की तुझ्या पूर्वजांची?"

मग मी भट्टीच्या वाफेकडे बोट दाखवून त्याला समजावलं. हवा वर चढली की थंड होते. थंड झाली की तिला आपल्यातली वाफ पेलवत नाही, तिचे बारीक थेंब होतात, त्यालाच आपण ढग म्हणतो. हवा हळूहळू, पसरत चढली तर चादरीसारखा थर होतो. एकदम उसळी मारून चढली तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढीग होतो. सगळी रांग ऐकत होती. मला वर्गात इतकी शांतता तीस वर्षांत मिळालेली नाही.

"छान," दूयाम म्हणाला. "आणि बूरा कधी?"

आमच्याकडे हिवाळ्यात खरा प्रश्न एवढाच. यूगो हा वारा दक्षिणेकडून येतो, समुद्रावरची ओली ऊब घेऊन. मग भिंतींना घाम फुटतो, गुडघे ठणकतात आणि सुखी जोडपी बशा फोडतात. बूरा उलट दिशेने, वेलेबिट डोंगराच्या पलीकडची थंडी उचलून आमच्या डोक्यावर ओततो. कोरडा, करकरीत, कौलं उडवणारा. त्याला सगळे शिव्या देतात आणि त्याचीच वाट बघतात, कारण डुक्कर कापून मीठ लावलेल्या मांड्या बूऱ्यातच सुकतात. यूगोत त्या नासतात. वर्षभराचं खाणं एका वाऱ्यावर टांगलेलं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी ती पाटी काढून टाकली नाही.

आठवड्याभरात नगरपालिकेतून बोलावणं आलं. तिथल्या कारकून झ्देन्काबाईंच्या टेबलावर माझ्या पाटीचा फोटो होता.

"ही सार्वजनिक सूचना आहे," त्या म्हणाल्या. "सार्वजनिक सूचनेला परवानगी लागते. हा अर्ज भरा."

अर्जात "मजकुराचा मालक" असा रकाना होता. मी विचारलं, "आकाशाचा मालक कोण लिहू?"

"रिकामा सोडलात तर अर्ज परत येईल."

मी "सामायिक" असं लिहिलं. पुढचा रकाना होता, "मजकुरात चूक आढळल्यास जबाबदार व्यक्ती".

"बाई, चूक हवामानाची असेल तर?"

"हवामान इथे येऊन सही करील का?"

"नाही."

"मग तुम्ही करा."

मी सही केली. त्यांनी शिक्का मारला. अशा रीतीने हिवाळा संपेपर्यंत वातावरणात जे काही घडेल त्याला मी कायदेशीर जबाबदार झालो. घरी येऊन मी तो कागद मारिएताला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. "तोन्ची," ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी तू इतकं काही कबूल केलं नव्हतंस."

गावात नाराज एकच माणूस होता, बार्बा फ्राने. बार्बा म्हणजे आमच्याकडे कुठलाही म्हातारा खलाशी. हा मात्र चाळीस वर्षं बंदरावरच्या बाकावर बसून, डावा गुडघा दाबून, गावाला हवा सांगत आला होता. पाटी लागल्यापासून त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. समोरून गेलो की तो समुद्राकडे बघून म्हणायचा, "ढगांनाही आता शाळेत घालतात म्हणे."

डिसेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी माझ्या हातून ती ओळ लिहिली गेली. आदल्या दिवशी मी सगळे नकाशे पाहिले होते. उत्तरेला जड थंड हवा साचत होती, समुद्रावर दाब उतरत होता, पश्चिमेला तंतुमेघांची पिसं दिसत होती. पाठ्यपुस्तकात दाखवतात तसं सगळं जिथल्या तिथे. मी लिहिलं: "शुक्रवारी सकाळी बूरा. जोरदार." आणि माणसाची बुद्धी फिरते ती अशी, मी त्याखाली रेघ ओढली. दोन रेघा.

दूयाम घरी आला. टोपी काढून बसला. आमच्याकडे तो टोपी काढत नाही.

"तोन्ची, नक्की ना?"

"सगळ्या खुणा तेच सांगतात."

"खुणांना चुलीत घाल. तू सांग. गुरुवारी कापू का डुक्कर?"

इथे "काही ठिकाणी" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "काप."

बुधवारपर्यंत कळलं की माझ्या पाटीवर विसंबून आणखी सहा घरं गुरुवारीच कापणार आहेत. आणि त्याच दिवशी दुसरी गोष्ट लक्षात आली, ती डुकरांपेक्षा कितीतरी मोठी होती. आमची मुलगी तेरेझा समोरच्या बेटावर दिलेली. नववा महिना, तारीख अजून दहा दिवसांवर. बूरा सुटला की बेटाची फेरीबोट बंद होते, कधी एक दिवस, कधी पाच. बेटावर बाळंतपणाची सोय नाही.

मी फोन लावला. "तेरेझा, उद्याच्या बोटीने इकडे ये."

"बाबा, डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात यायला सांगितलंय."

"शुक्रवारी बूरा आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

शेवटी गुरुवारी ती आली, पण यूगोने उसळलेल्या समुद्रातून, दीड तास ओकत. जावई रोको मेंढ्यांमुळे मागे राहिला, रविवारी येतो म्हणाला. धक्क्यावर उतरली तेव्हा तिचा चेहरा हिरवा पडला होता. पिशवीत कपड्यांऐवजी चुकून रोकोच्या लोकरी मोज्यांचा गठ्ठा आला होता. "तुमचा बूरा आला नाही ना, बाबा," ती म्हणाली, "तर मी हे सगळे मोजे तुम्हाला खायला लावीन."

त्याच दिवशी गावात सात डुकरं कापली गेली.

शुक्रवारी मी पाचला उठलो आणि खिडकी उघडली. कोमट, ओली हवा तोंडावर आली. वेलेबिट दिसतच नव्हता. स्तरमेघ पार चर्चच्या घंटेपर्यंत उतरला होता आणि त्यातून धड पाऊस नाही, धड धुकं नाही असं काहीतरी झिरपत होतं. मी खिडकी लावली आणि पुन्हा उघडली. माणसाची आशा काय काय करायला लावते!

बेकरीला जायला धजेना, पण पाटी लिहायची माझी कायदेशीर जबाबदारी होती. पाटीवर माझ्या आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं: "मास्तर, बूरा कुठे?" आणि खाली दोन रेघा.

रांगेने माझ्याकडे पाठ फिरवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मिलेनाने पाव दिला तोही न निवडता, करपलेल्या बाजूचा.

दूयाम अंगणात उभा होता. तळघरात त्याच्या दोन्ही मांड्या मिठात पडल्या होत्या आणि मीठ ओलं होत होतं. "तोन्ची," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या शांतपणाने माझी पाचावर धारण बसली. "आपण तीस वर्षं शेजारी. माझी बायको गेली तेव्हा तू आठ दिवस माझ्याकडे झोपायला होतास, ते मी विसरत नाही. पण या मांड्या नासल्या, तर आपल्या दोन अंगणांमधल्या भिंतीतलं दार मी बुजवून टाकीन."

दुपारी झ्देन्काबाईंचा फोन. "तुमच्या नावाने सात लेखी तक्रारी आल्यात. नोंदवून घेतल्या. विषय: वारा न येणे."

"मग आता?"

"तीस दिवसांत लेखी खुलासा द्या."

शनिवारी यूगो आणखी चढला. घरात तेरेझा पाय सुजवून बसली होती, बापाकडे बघत नव्हती. मारिएताने माझ्याशी भांडण केलं, मी कपाटाशी केलं. एका बाजूला मला वाटे, देवा, बूरा पाठव, सात घरं वाचू देत. दुसऱ्या बाजूला वाटे, नको, रोकोला उद्या येऊ दे, पोरीजवळ नवरा असू दे. एकाच देवाकडे दोन्ही मागणं नोंदवून मी खिडकीशी उभा होतो. मान दुखायला लागली. चार वाजायच्या सुमारास मी कोट चढवला आणि अब्रूचा उरलासुरला तुकडा खिशात घालून बंदरावर गेलो.

बार्बा फ्राने बाकावर होताच. मी शेजारी बसलो. तो सरकला नाही.

"बार्बा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"शुक्रवार म्हणालो."

"बूरा म्हणालास ते नाही चुकलं. रेघा ओढल्यास ते चुकलं. आणि वारही." तो गुडघा चोळत राहिला. "तू नकाशात बघतोस. नकाशात वारा दिसतो, तो दारात कधी येणार ते दिसत नाही. डोंगराच्या माथ्यावर ढगाची टोपी चढते ना, तिची कड बघ. कड लोकरीसारखी पिंजलेली असेल तर घरी जाऊन झोप. सुरीने कापल्यासारखी सरळ असेल आणि जागची हलत नसेल, तर कौलांवर दगड ठेव."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. "अहो बार्बा, बरोबर आहे! थंड हवा पलीकडच्या उतारावर चढते तेव्हा निवते, तिथे ढग होतो. अलीकडे खाली कोसळते तेव्हा तापते, ढग विरतो. म्हणजे ढग जागचा हलत नाही असं वाटतं, पण तो तिकडे सतत तयार होत असतो आणि इकडे सतत..."

"मास्तर."

"हं?"

"वर बघ."

मी वर पाहिलं. मघाचा राखाडी पडदा मधोमध फाटला होता. वेलेबिटचा माथा तीन दिवसांनी दिसत होता आणि त्याच्यावर पांढरीशुभ्र, जाड टोपी बसली होती. कड सरळ. पट्टीने आखल्यासारखी.

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"बोलत बसलास तर मुळीच नाही."

मी धावलो. त्रेपन्नाव्या वर्षी, कोटासकट, बंदरापासून बेकरीपर्यंत. वाटेत दिसेल त्याला "बूरा! बूरा!" म्हणून ओरडत होतो, आणि लोक मारिएताची कीव आल्यासारखे मान हलवत होते. पाटी पुसली, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "आज. आत्ता." तेवढ्यात यूगो थांबला. एका क्षणात. पाण्यावर सुरकुती उरली नाही. मग डोंगराकडून गोणी आपटल्यासारखा आवाज आला, खिळा उपटला आणि पाटी माझ्या हातांतून निघाली. चौक ओलांडून, दिव्याच्या खांबाला एक टोला देऊन, बंदराच्या पाण्यात गेली. माझ्या आयुष्यातला एकमेव अचूक अंदाज मासळीने वाचला.

रविवारी सकाळी बूरा ऐन भरात होता. समुद्रावरून पाण्याचा धूर उडत होता. बोट बंद, रोको पलीकडे अडकलेला. आम्ही कॉफी पीत होतो. तेरेझाने कप खाली ठेवला, टेबलाची कड धरली आणि म्हणाली, "आई, काहीतरी होतंय."

मारिएता म्हणाली, "तारीख तर..."

"तारीख बाबांनी सांगितली असेल," ती दात दाबत म्हणाली.

जिल्ह्याचा दवाखाना आमच्यापासून तीस किलोमीटर, समुद्राच्या कडेकडेने. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाला गेलेली, दीड तास तरी लागेल म्हणाले. माझी गाडी म्हणजे चार चाकांवरचा पत्र्याचा डबा, बूऱ्यात ती बेटावर पोहोचली असती. सगळं माझ्यामुळे. पण बेटावर राहिली असती तर?

मधल्या भिंतीचं दार वाजलं. दूयाम आत आला. मारिएताची हाक त्याने वाऱ्यातून ऐकली होती.

"माझी व्हॅन आहे," तो म्हणाला. "पण रिकामी आहे, उडेल. चल, दगड भर."

मांड्यांवर दाब द्यायला त्याने नदीतले गोटे आणून ठेवले होते. आम्ही दोघांनी ते व्हॅनमध्ये रचले. दोन मिठाच्या गोण्याही टाकल्या. एकेक गोटा उचलताना मी म्हणत होतो, "दूयाम, मांड्यांचं..." आणि तो म्हणत होता, "हात चालव, तोंड नको."

तेरेझा आणि मारिएता पुढे बसल्या, मी मागे दगडांत. गावाबाहेर रस्त्यावर आडवा बांबू आणि पोलीस. त्याने आत वाकून पाहिलं.

"रस्ता बंद आहे. बूरा दिसत नाही?"

"पोरगी बाळंत होतेय," दूयाम ओरडला.

पोलिसाची नजर माझ्यावर आली. "तुम्ही पाटीवाले मास्तर ना? शुक्रवारवाले? माझ्या सासऱ्यांनी तुमच्यामुळे गुरुवारी डुक्कर कापलं."

दगडांत बसून माणसाने काय उत्तर द्यावं? मी म्हणालो, "साहेब, खुलाशाला तीस दिवस आहेत. हिला तीस मिनिटंही नाहीत."

तेरेझा किंचाळली. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचाच उपयोग झाला. पोलिसाने बांबू बाजूला केला, तो आपल्या जीपमध्ये बसला आणि आमच्या पुढे, वाऱ्याच्या बाजूने, ती हळूहळू चालवू लागला. प्रत्येक वळणावर झोत बसला की व्हॅन कण्हायची, गोटे माझ्या नडग्यांवर यायचे, आणि पुढून मारिएता म्हणायची, "श्वास घे, बाळ, श्वास घे." मीही घेत होतो. दूयाम एकदाच बोलला. "तोन्ची, हा वारा शुक्रवारी आला असता तर काय बिघडलं असतं?"

पोहोचल्यावर चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. साडेतीन किलो. मला दाखवली तेव्हा तिने एक डोळा उघडून माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगीचच कोटाची बटणं लावली. बाहेर बाकावर दूयाम नडग्यांना लावायला बर्फ घेऊन बसला होता, माझ्यासाठी.

"मांड्या?" मी विचारलं.

"आता कडक वाळतील. वाचल्या त्या माझ्या मिठामुळे, तुझ्या ढगांमुळे नाही. खुलाशात तसं लिही."

मग रोकोचा फोन आला. तो बेटावरच्या धक्क्यावर उभा होता. वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता, आणि तो रडतही असावा. मी त्याला वजन सांगितलं, केस सांगितले, आई खुशाल आहे, सूप पितेय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, बोट कधी सुटेल? तुम्हाला काय वाटतं?"

दवाखान्याच्या खिडकीतून वेलेबिट दिसत होता. मी बराच वेळ टोपीची कड न्याहाळली. डाव्या बाजूला ती थोडी पिंजल्यासारखी वाटत होती. थोडीच. मी इकडेतिकडे पाहिलं. दूयाम भिंतीला डोकं टेकून डुलक्या घेत होता.

"उद्या दुपारी," मी तोंडावर हात धरून म्हणालो. "पण मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस."

बोट सुटली मंगळवारी सकाळी. रोकोने अजून कुणाला सांगितलेलं नाही.